धूर ऑइलचा की पेट्रोलचा? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी जुनी १३५ सीसीची एक टू-स्ट्रोक गाडी विकत घेतली आहे. आधीच्या मालकाने तिला जाड खाचांचे टायर, उंच हँडल, फुगीर पोटाचा सायलेन्सर आणि मोठा कार्बोरेटर बसवून माळावर पळवण्याजोगी करून घेतली होती. ऑइलचा पंप काढून टाकलेला असल्यामुळे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. गाडी फार धूर सोडते, प्लग काळा आणि ओला होतो, सुरुवातीच्या वेगात ती अडखळते. एका मेकॅनिकने बोअर करायला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठ्या मापाचा पिस्टन बसवायला, सांगितले. दुसरा म्हणतो, कार्बोरेटर सेट केला की सगळे ठीक होईल. धूर कमी व्हावा म्हणून मी ऑइल लिटरमागे ४० मिलिलिटरवरून १५ मिलिलिटरवर आणले, पण फरक थोडाच पडला. आता काय करावे?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : कार्बोरेटरला हात लावण्याआधी एक काम आजच करावे. टाकीतले मिश्रण काढून घ्यावे आणि ऑइलचे प्रमाण लिटरमागे २५ मिलिलिटर, म्हणजे ४०:१, असे ठेवावे. आपले आधीचे ४० मिलिलिटर गरजेपेक्षा जास्त होते हे खरे, पण १५ मिलिलिटरचा हिशेब ६६:१च्या आसपास जातो आणि हवेवर थंड होणाऱ्या, वय झालेल्या इंजिनाला उन्हाळ्यात माळाचा चढ चढताना तो परवडणारा नाही. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकची बेअरिंगे, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन यांना जे वंगण मिळते, ते पेट्रोलबरोबर आत येणाऱ्या या ऑइलचेच असते. त्यांच्यासाठी खाली वेगळा साठा नसतो. शिवाय ज्या हेतूने आपण ऑइल कमी केले, तो हेतूही त्यातून पुरता साधत नाही. जेटच्या, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याच्या, भोकातून जेवढा द्रव जायचा तेवढाच जातो. त्यातले ऑइल घटले की ती जागा पेट्रोल घेते आणि मिश्रण उलट किंचित रिच होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढते. धुराचे मूळ जादा पेट्रोलात असेल, तर ऑइल तोडल्याने ते मूळ जागेवरच राहते आणि पिस्टन जाम होण्याचा धोका मात्र वाढतो. ऑइल घेताना डब्यावर ‘जेएएसओ एफसी’ किंवा ‘एफडी’ असे छापले आहे का ते पाहावे, कारण या जपानी मानकातल्या कमी धुराच्या श्रेणी आहेत. फोर-स्ट्रोक गाडीचे ऑइल, ते कितीही महाग असले तरी, यात घालू नये. मापासाठी औषधाची मोठी सिरिंज उत्तम. मिश्रण आधी कॅनमध्ये हलवून तयार करावे आणि मगच टाकीत ओतावे. टाकीत थेट ओतलेले ऑइल तळाशी बसून टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉककडे जाते आणि पहिले काही किलोमीटर गाडी नुसते ऑइलच पिते.

बोअर करण्याचा सल्ला तूर्त बाजूला ठेवावा. फोर-स्ट्रोक इंजिनात रिंगा झिजल्या की खालचे ऑइल वर चढून जळते आणि निळा धूर येतो. त्या अनुभवावरून अनेक कारागीर टू-स्ट्रोकलाही तेच निदान लावतात. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खाली अडवून ठेवायचे ऑइलच नसते. रिंगा झिजल्या तर दाब कमी होईल, किक हलकी लागेल, गाडी जोर धरणार नाही, जळण अपुरे होऊन थोडा धूर वाढेलही. पण नुसत्या धुरावरून बोअरचा खर्च करणे मला मान्य नाही. प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून, अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पूर्ण उघडी ठेवून किका माराव्यात. दाबाचा काटा १०० पीएसआयच्या बराच खाली थांबत असेल, तरच बोअरचा विषय काढावा.

यानंतर धूर नेमका कसला आहे हे ठरवावे. थंड इंजिनाचा पहिल्या दोन-तीन मिनिटांचा धूर हिशेबात धरू नये; गाडी चांगली तापल्यावर मागे उभे राहून पाहावे. निळसर धूर आणि जळक्या टू-टी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलचा वास असेल, तर ऑइल जास्त आहे किंवा इंजिन ते नीट जाळत नाही. काळपट, डोळ्यांना झोंबणारा आणि पेट्रोलचा वास असलेला धूर म्हणजे मिश्रण रिच आहे. तिसरा प्रकार पांढरा, दाट आणि गाडी तापल्यावरही न हटणारा. त्याला जड, करपट असा गिअर ऑइलचा वास येतो. हा प्रकार असेल तर कार्बोरेटर निर्दोष आहे. क्लचकडचे क्रँकचे ऑइल सील गेलेले असते आणि पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये जी ओढ निर्माण होते, ती गिअरबॉक्समधले ऑइल खेचून घेते. खात्री करणे सोपे आहे : गिअर ऑइल मोजून भरावे, काही दिवस गाडी चालवावी आणि पुन्हा काढून मोजावे. बाहेर कुठे गळती दिसत नसताना ऑइल घटले असेल, तर ते सायलेन्सरमधूनच गेले आहे. चांगल्या वर्कशॉपमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट बंद करून इंजिनात सुमारे ६ पीएसआय हवा भरतात आणि काटा किती वेळ टिकतो ते पाहतात. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त घसरत असेल, तर साबणाचे पाणी लावून गळतीची जागा शोधतात. आपली गाडी दुसऱ्याच्या हातून आलेली असल्यामुळे ही तपासणी मी टाळणार नाही, कारण दुसऱ्या बाजूचे, मॅग्नेटकडचे सील गेले असेल तर उलटाच प्रकार घडतो : इंजिन बाहेरची हवा घेते, मिश्रण लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि अशा इंजिनाचे पेट्रोल आणखी कमी केले तर पिस्टन टिकत नाही.

सील ठीक निघाली आणि धूर काळपट असला, तरी पहिला हात जेटला नको. एअर फिल्टरचा फोम धुळीने बुजला असेल तर एवढ्यानेच मिश्रण रिच होते, आणि कोरड्या दिवसांत खानापूर-आटपाडीकडच्या माळावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर बुजायला वेळ लागत नाही. फोम साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, फिल्टरचे ऑइल लावून आणि पिळून बसवावा. पेट्रोलमध्ये धुतल्यास त्याचे चिकटवलेले जोड सुटतात. चोकचा प्लंजर काढून त्याच्या टोकाचे रबर पाहावे. त्यावर खोल चरा पडला असेल किंवा ते कडक झाले असेल, तर चोक बंद करूनही अर्धवट उघडाच राहतो आणि गाडी दिवसभर चोकवर चालते. मग फ्लोटचा वाडगा, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाचा पेट्रोल साठणारा भाग, उघडावा. फ्लोटची सुई जिथे बसते तिथे तिच्या टोकावर गोल खाच दिसली, की ती बदलावी. पेट्रोलची पातळी ठरलेल्या उंचीपेक्षा वर असेल, तर कोणताही जेट बसवला तरी मिश्रण रिचच राहते. इनलेटच्या तोंडाशी असलेल्या रीड व्हॉल्वच्या पात्यांचे कोपरे तुटलेले नाहीत ना, तेही उजेडात धरून पाहावे.

आता जेट. आपल्या गाडीचा कार्बोरेटर मूळचा नाही, म्हणून त्यातल्या जेटवर कोरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. आपल्याकडे जेट साफ करायला स्टोव्हची पिन किंवा क्लचच्या वायरची तार घालण्याची सवय फार जुनी आहे. पितळ मऊ असते. दोन-चार वेळा पिन फिरली की भोक मोठे होते, आकडा तोच राहतो आणि पेट्रोल वाढते. भिंगातून पाहिले, तर खऱ्या जेटच्या भोकाची कड गोल आणि तुळतुळीत दिसते, पिन फिरलेल्या जेटची ओरखडलेली आणि एका बाजूला ओढल्यासारखी. माझा कयास असा, की आपल्या धुराचे निम्मे कारण याच ठिकाणी सापडेल. मेन जेट आणि पायलट जेट दोन्ही नवे घ्यावेत, मेन जेटचे वरखाली दोन-तीन आकडे एकदमच आणून ठेवावेत आणि पुढे साफसफाई फक्त कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेच्या दाबाने करावी.

ट्यूनिंगला बसताना मुठीच्या रबरावर पांढरी पट्टी चिकटवावी, शेजारच्या स्विचच्या डब्यावर एक रेघ मारावी, आणि मूठ पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण उघडल्यावर पट्टी कुठे येते त्या खुणा करून घ्याव्यात. कार्बोरेटरचा प्रत्येक भाग मुठीच्या ठरावीक टप्प्यावर काम करतो : मूठ बंद असल्यापासून पाव उघडेपर्यंत मुख्यतः पायलट जेट आणि एअर स्क्रू, पावापासून पाऊणपर्यंत मुठीबरोबर वरखाली होणाऱ्या स्लाइडमध्ये लटकणारी पिन, आणि त्यापुढे मेन जेट. धूर आणि अडखळणे नेमके कोणत्या खुणेवर होते हे कळले, की कोणत्या भागाला हात लावायचा हे आपोआप ठरते. एका वेळी एकच बदल करावा. दोन केले, तर गाडी कशाने सुधारली किंवा कशाने बिघडली हे कळत नाही.

सुरुवात मेन जेटपासून करावी, कारण त्याचा परिणाम खालच्या टप्प्यांपर्यंत पोचतो. इंजिन तापल्यावर, स्वतःच्या रानातल्या सरळ वाटेवर, हेल्मेट घालून, तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पूर्ण उघडावी. गाडी मोकळी न पळता घुरघुरत, एक ठोका सोडून एक जळत असल्यासारखी चालली आणि मूठ किंचित मिटताच हुशार झाली, तर मेन जेट मोठा आहे; एक आकडा खाली यावे. याउलट आवाज कोरडा आणि टणक झाला, किंवा जोर अचानक ओसरला, तर मूठ तत्काळ सोडून क्लच दाबावा आणि जेट मोठा करावा. तिथे दुसऱ्यांदा खात्री करून पाहण्याची हौस महागात पडते. शेवटी नवा प्लग लावून एकदा पूर्ण मुठीवर गाडी पळवावी, त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि प्लग खोलून पाहावा. आजच्या पेट्रोलवर प्लगच्या टोकाला लवकर रंग चढत नाही, म्हणून चिनी मातीच्या अगदी तळाशी, पोलादाच्या आत दिसणारे वर्तुळ भिंगाने पाहावे. ते कडक चहाच्या रंगाचे असावे. ओली काजळी म्हणजे अजून रिच, पांढरे फटक आणि टोकाला बारीक मण्यांसारखे वितळलेले काही दिसले तर धोक्याचे लीन. जो आकडा अचूक वाटेल, त्याहून एक आकडा मोठा जेट कायम ठेवावा.

कमी वेगातल्या अडखळण्याचा संबंध पायलट जेटशी आहे. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण मिटवून दीड वळसा उघडावा. जोराने आवळला तर त्याचे टोक कायमचे दबते. हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, म्हणजे उघडल्याने मिश्रण लीन होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा आणि हिशेब उलटा. तापलेल्या इंजिनाचा आयडल, म्हणजे मूठ बंद असतानाचा वेग, सर्वांत चढा ज्या जागी लागतो, ती जागा शोधावी. हवेचा स्क्रू एका वळशाच्या आतच तिथे पोचला तर पायलट लहान आहे; अडीच वळशांच्या पुढे न्यावा लागला तर तो मोठा आहे आणि आपल्या वर्णनावरून मला दुसरीच शक्यता अधिक वाटते. अर्ध्या मुठीवर धूर राहिला, तर स्लाइडमधल्या पिनचा लॉक (तिला अडकवणारी क्लिप) एक खाच वर लावावा. लॉक वर गेला की पिन खाली बसते आणि पेट्रोल कमी होते. ही गोष्ट घाईत हमखास उलटी केली जाते.

हे सर्व जमल्यावरही गाडी काही दिवस धूर सोडेल, कारण फुगीर सायलेन्सरच्या पोटात आजवरचे न जळलेले ऑइल साचलेले असते आणि तो तापेल तसे ते जळत राहते. तेव्हा पुन्हा जेट लहान करण्याचा मोह आवरावा. त्याऐवजी सायलेन्सर उतरवून, उलटा टांगून निथळून घ्यावा आणि शेवटचा भाग साफ करून बसवावा. आणखी एक सूचना, मागितलेली नसली तरी : असे बदल केलेली गाडी डांबरी रस्त्यावर चालवणे मोटार वाहन कायद्यात बसत नाही, म्हणून ती रानापर्यंत टेम्पोतून नेलेली बरी.

प्रश्न : साताऱ्यात व्यवस्थित सेट केलेली माझी टू-स्ट्रोक गाडी महाबळेश्वरला गेली की धूर सोडते आणि जोर गमावते. तिथे पुन्हा कार्बोरेटर सेट करावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : एका दिवसाच्या फेरीसाठी करू नये. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १३०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर आहे, म्हणजे आपल्या शहरापेक्षा सहाशेहून अधिक मीटर वर. शंभर मीटरला हवा ढोबळमानाने एक टक्का विरळ होते. जेटमधून पेट्रोल जवळजवळ पूर्वीइतकेच येते आणि हवेचे वजन सहा-सात टक्क्यांनी घटते, म्हणून मिश्रण रिच होते. गाडी मुळातच थोडी रिच सेट केलेली असेल, तर वर गेल्यावर ती उघडी पडते. मुक्काम मोठा असेल, तर पिनचा लॉक एक खाच वर लावावा किंवा मेन जेट एक आकडा लहान करावा, पण उतरण्यापूर्वी तो बदल परत फिरवलाच पाहिजे; वरच्या हवेला बेतलेला जेट घेऊन खाली साताऱ्यात किंवा सांगलीच्या एप्रिलमध्ये पूर्ण मूठ उघडणे म्हणजे पिस्टनवर उदार होणे आहे.

आपण विचारले नाही, पण खरा धोका चढात नसून उतारात आहे. पसरणीचा घाट उतरताना मूठ पूर्ण बंद ठेवून गाडी गिअरवर रोखली, तर इंजिन जोरात फिरत राहते आणि पेट्रोल जवळजवळ बंद असते. ज्या गाडीत ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलेले असते, तिचे वंगणही तेव्हा बंद पडते. उतारात अधूनमधून क्लच दाबून मूठ थोडी उघडत जावी आणि वेग ब्रेकने आवरावा. आणि हो, जेटची चाचणी घ्यायला कासच्या पठारावर कोणी गाडी नेऊ नये. २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे आणि तिथल्या पातळ मातीवर उमटलेली टायरची रेघ लवकर बुजत नाही.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांच्या वेळची १०० सीसी टू-स्ट्रोक गाडी आहे. ऑइलचा पंप मूळचाच आहे. गाडी आठवडाभर उभी राहिली की पहिल्या किकला सगळी गल्ली धुराने भरते. दहा मिनिटांत धूर नाहीसा होतो. कार्बोरेटर बदलावा का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : मुळीच नको. तापल्यावर जी गाडी स्वच्छ चालते, तिच्या कार्बोरेटरला दोष देता येत नाही. उभ्या गाडीत ऑइल टाकीतून हळूहळू आत झिरपत असते. पंपाच्या पुढे ऑइल उलटसुलट जाऊ नये म्हणून बारीक गोळीचा आणि स्प्रिंगचा एक व्हॉल्व असतो. त्यात कचरा अडकला, की तो पूर्ण मिटत नाही. पंपापासून इनलेटकडे जाणारी पारदर्शक नळी काढून तिचे तोंड कागदावर ठेवावे आणि रात्रभर गाडी तशीच उभी करावी. सकाळी कागदावर ऑइलचा डाग असेल, तर पंप साफ करून घ्यावा. पुन्हा जोडताना नळीतला हवेचा बुडबुडा पूर्ण काढल्याशिवाय इंजिन चालवू नये, आणि पंप पुन्हा नीट ऑइल देतो याची खात्री होईपर्यंत पेट्रोलच्या टाकीत लिटरमागे २० मिलिलिटर ऑइल मिसळून ठेवावे. पंपाच्या चाकावरची खूण आणि वायरचा ताण गाडीच्या पुस्तकाप्रमाणे जुळतो का, हेही त्याच वेळी पाहावे. पेट्रोलचा कॉक रात्री बंद करण्याची सवय नसेल तर ती लावून घ्यावी; कॉक आणि फ्लोटची सुई दोन्ही गळत असतील, तर क्रँककेसमध्ये पेट्रोलही साचते.

प्रश्न : पंपावर हल्ली २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. त्यामुळे टू-स्ट्रोकचा धूर वाढतो का?
– एक वाचक, कराड

उत्तर : धूर त्यामुळे वाढत नाही, बदल उलट दिशेने होतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि ते जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून त्याच जेटवर मिश्रण पूर्वीपेक्षा लीन पडते. जुन्या पेट्रोलवर अगदी काटेकोर सेट केलेल्या गाडीला मेन जेट एक आकडा मोठा लागण्याचा संभव आहे. प्लग पाहून ठरवावे. धुराशी याचा संबंध वेगळ्या वाटेने येतो. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्या, फ्लोटच्या सुईचे टोक आणि चोकचे रबर फुगवते किंवा ठिसूळ करते, आणि सुई गळू लागली की मग गाडी रिच होऊन धूर येतो. ऑइल घालून तयार केलेले मिश्रण महिनोन्‌महिने कॅनमध्ये ठेवू नये, विशेषतः पावसाळ्यात, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून फ्लोटच्या वाडग्याचा तळाचा स्क्रू सैल करावा आणि त्यातले पेट्रोल काढून टाकावे.